बोरीबंदरच्या बाईला गाऱ्हाणं

उद्या सकाळी भाऊच्या धक्क्याला कोकणची बोट लागेल आणि तिच्यातून दादा वहिनीला घेऊन उतरेल. म्हणून आज रविवारी दुपारी मी एकटीच कोटात, फोर्टच्या भागात, आले आहे. इमारती आहेत ना जागेवर, ते बघायला. इमारती उठून कुठे जात नाहीत हे मला कळतं. पण वहिनीला त्या परत दाखवायच्या, तर आपली एकदा उजळणी झालेली बरी, असं मनाशी म्हणत मी ट्राममधून उतरले आणि उतरल्या उतरल्याच लक्षात आलं, की मी उजळणीला आलेलीच नाही. मला चार वर्षांपूर्वीची वहिनी हवी आहे, आणि ती या दगडांशिवाय दुसऱ्या कुणाजवळ उरलेली नाही.

रविवारी कोट रिकामा असतो. कचेऱ्यांना कुलपं, फुटपाथवर कबुतरं, बंदराकडून येणारा खारट, किंचित डांबराचा वास. कमानींच्या खालची सावली इतकी गार, की भर दुपारी पाय आपोआप रेंगाळतात. कार्तिकातलं ऊन पडलं की इथला पिवळट दगड तव्यावरून नुकत्या उतरवलेल्या भाकरीसारखा दिसतो. ही उपमा माझी नव्हे, वहिनीची आहे. तिला सगळं खाण्यात नाहीतर शेतात दिसायचं.

आमच्या लालबागच्या चाळीत एक रीत होती. गावाहून आलेल्या माणसाला मुंबई दाखवायची. ओटी भरायची, दृष्ट काढायची, तसं हे एक ठरलेलं काम. पाहुणा खोलीत टेकला, त्याच्या गाठोड्यातून सोलं, उकडे तांदूळ आणि सुके बांगडे बाहेर निघाले, त्या वासानं आमची एवढीशी खोली आणखी लहान झाली, की दुसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणायचंच, "ह्येका मुंबई कोण दाखयतलो?" आणि सगळ्या माना माझ्याकडे वळायच्या. मला पाट्या वाचता येत होत्या आणि ट्रामची भीती वाटत नव्हती, एवढ्या भांडवलावर मी शाळकरी वयातच चाळीची वाटाडी झाले होते.

क्रमही ठरलेला. आधी राणीची बाग. मग क्रॉफर्ड मार्केट, बोरीबंदर, फ्लोरा फाउंटन, राजाबाई टॉवर, काळा घोडा, म्युझियम बाहेरून, आणि शेवटी गेटवेच्या कट्ट्यावर बसून तांदळाची भाकरी आणि लसणीची चटणी. आत कुठेच जायचं नाही. आत जाण्यासारखे आपण नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं तरी सगळ्यांना ठाऊक होतं. मान वर करून बघायचं, "बापरे" म्हणायचं आणि पुढे चालायचं. या इमारतींचे चिरे वाहणारी, चुना कालवणारी माणसं आपलीच होती, असं मी एका पत्रकात वाचलं होतं आणि दर वेळी पाहुण्यांना ते ठासून सांगत असे. पाहुणे "असा काय?" म्हणायचे आणि कबुतरं बघत बसायचे.

मी वाचायला शिकले तीच पत्रकांवर. बाबा गिरणीतून येताना सदऱ्याच्या खिशात घडी घालून ती आणायचे. गुलाबी, पिवळी, कधी नुसतीच मळकट पांढरी. शाई बोटांना लागायची, तिला रॉकेलसारखा वास यायचा. वाचून झाली की आई ती डब्यांच्या तळाशी घालायची. त्यामुळे डाळ संपत आली की डब्याच्या बुडाशी "कामगार बंधूंनो" दिसू लागायचं. आम्हा भावंडांचा बालबोध तोच. बाबा गेले, त्यांच्या जागी दादा गिरणीत चिकटला आणि पत्रकं आणायचं कामही त्याच्याकडे आलं. तोवर पत्रकांवरची मागणी बदलली होती. आता सगळ्यांवर एकच ओळ असायची, ठळक, काळ्या चौकटीत: मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे.

त्या दिवसांत वहिनी आली.

लग्न होऊन बराच काळ झाला होता, पण ती गावालाच होती. आमच्यात तसंच असतं. नवरा मुंबईत गिरणीवर, बायको गावाला काकीच्या हाताखाली, भाताच्या खाचरात. शिमग्याला नाहीतर गणपतीला नवरा जाणार, चार दिवस राहणार, परत येणार. त्या साली भात झोडून झालं आणि गावचं घर सांभाळणाऱ्या काकीनंच म्हटलं, एकदा पाठवून देते पोरीला, मुंबई बघून येऊ दे. पावसाच्या आधी शेवटच्या बोटीनं परत धाडा म्हणजे झालं.

वहिनी दाराशी उभी राहिली, ती मला अजून तशीच दिसते. हिरवं लुगडं, केसांत अबोलीचा वळेसर, पायांना बोटीवरच्या डांबराचे डाग. मी तिच्याहून लहान, तरी आत येता येता तिनं मला वाकून नमस्कार केला.

"वन्सं, बऱ्या आसास?"

"मला वन्सं म्हणायचं नाही," मी म्हटलं. "आणि वाकायचं तर मुळीच नाही. स्त्री-पुरुष, लहान-मोठे सगळे समान असतात."

"बरां, वन्सं," वहिनी म्हणाली आणि हसली. तिचं हसणं पितळेच्या घागरीत पाणी पडावं तसं होतं, आधी खोल, मग वर वर येणारं. चाळीतल्या बायका त्या हसण्याच्या आवाजानं खोलीत डोकावून जायच्या.

दोन दिवसांनी आईनं नेहमीचा प्रश्न विचारला आणि मी वहिनीला घेऊन निघाले.

राणीच्या बागेत पाहुणे वाघ बघतात. वहिनीनं वाघाकडे एकदा पाहिलं, "उपाशी दिसता गरीब" म्हणाली आणि दगडी हत्तीपाशी जाऊन थांबली. त्याच्या तुटक्या अंगावरून हात फिरवत राहिली. क्रॉफर्ड मार्केटात तर आत शिरेचना. आतून पेरूंचा आणि ओल्या गोणपाटाचा वास येत होता, गोदीतल्या बोटीचा भोंगा ऐकू येत होता, आणि ही दारावरच्या दगडी पट्टीखाली मान वर करून उभी. तिथे कापणीची माणसं कोरली आहेत.

"वन्सं, हे बगा, आमचेच लोक. हेंका कोणीतरी मुंबई दाखवूक आणल्यानी आणि परत न्हेवक इसारले," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "नशीबवान आसत."

मी हसले. ती हसली नाही, तेव्हा मला पहिल्यांदा समजलं, की वहिनीला परत जायचं नाही.

तिनं ते सरळच सांगितलं, बोरीबंदरकडे चालता चालता. गावात ती सून होती. सकाळी सगळ्यांच्या आधी उठायचं, रात्री सगळ्यांच्या नंतर आडवं व्हायचं, आणि मध्ये कुणाशी हसलं तर काकी विचारणार, "काय गो, काय मिळाला?" नवऱ्याचा आवाज तिला नीट आठवायचा नाही, असंही म्हणाली. बोलताना त्याच्या नावाचा उच्चार नाही, नुसतं "तेंचो आवाज". गणपतीत घर माणसांनी भरलेलं, शिमग्यात ढोल. त्या गडबडीत तो कधी तिच्याशी बोललाच नव्हता. इथे चाळीत, भिंतीला लागून निजणाऱ्या इतक्या माणसांत, तो पहाटे पाळीवर जाताना तिला "येतो" म्हणायचा. "तेवढ्यासाठी माका हंय रवूचा आसा," वहिनी म्हणाली.

आणि मग बोरीबंदर आलं.

मी त्याचं वर्णन करणार नाही. ज्यांनी पाहिलं आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही पाहिलं त्यांना पटणार नाही. वहिनी रस्त्याच्या पलीकडे उभी राहून कितीतरी वेळ खालून वर बघत होती. फाटकावरचा सिंह, फाटकावरचा वाघ, खांबांवरची पानं, पानांतली माकडं, मग खिडक्या, मग घुमट, आणि घुमटाच्या टोकावर ती दगडी बाई. एका हातात उंच धरलेली दिवटी, दुसरा हात चाकावर.

"ही खंयची देवी?"

"देवी नाही गं. गोऱ्यांनी बसवलेली बाई आहे. तिला प्रगती म्हणतात."

"म्हणजे?"

"प्रगती म्हणजे पुढे जाणं."

वहिनीनं पुन्हा वर पाहिलं. "पुढे जाणारी बाय? मगे ही इतकी वर्सां एकाच जागेर उभी कशी?"

मी समोरची पाटी वाचायला लागले.

"माका हीच व्हयी," वहिनी म्हणाली. "हातात दिवटी आसा, आणि आपली जागा सोडना नाय."

तिनं चपला काढल्या, पदर डोक्यावरून घेतला, हात जोडले, आणि मला काही समजायच्या आत भर रस्त्यात, मोटारी आणि घोड्यांच्या व्हिक्टोरिया येत-जात असताना, तिनं गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. आमच्या गावाकडे देवापुढे असं गाऱ्हाणं घालतात. एकानं खड्या आवाजात मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. पण तो मान पुरुषांचा. गावकार घालतो, बायका मागे उभ्या राहतात. वहिनीनं तो मान कुणाला न विचारता घेतला.

"बा देवी म्हाराजा! बोरीबंदरच्या घुमटार उभी रवलेल्या, दिवटी धरलेल्या बाये म्हाराजा!" तिनं डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे पाहिलं. "म्हणा गो, वन्सं!"

"व्हय म्हाराजा," मी पुटपुटले. सगळा रस्ता आपल्याकडे बघतो आहे असं वाटत होतं.

"घोव मुंबैत आणि बायल गावाक, अशी जी काय रीत पडली आसा, ती रीत तू मोड म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी माझ्यामागून आणखी दोन-तीन आवाज आले. मी वळून पाहिलं. लाल डगल्यातले स्टेशनचे हमाल. डोक्यावरचे बोजे तसेच ठेवून, हात जोडून उभे. आमच्याच मुलखातले होते, बोलीवरून ओळखू येत होते.

वहिनीला जोर चढला. "जे कोण माका पावसाच्या आदी बोटीर बसवूक बगतत, तेंका सुखी ठेव, पण तेंची बुद्धी फिरव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"माका खोली नको, पलंग नको, एका हातरुणाची जागा दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हमालांचा आवाज असा घुमला, की फाटकावरची कबुतरं उडाली.

त्यातला एक म्हातारा पुढे आला. "बाये, गाऱ्हाणां बरां घातलंस. पण कोंबो खंय आसा?"

"कोंबो नवस फेडताना," वहिनी चपला घालत म्हणाली. "आदी हिणा काम तरी करूक व्हया!"

हमाल हसत गेले. मी मात्र टॉवरपर्यंत तिला सुनावत होते. दगडाकडे काय मागायचं? मागायचं ते माणसांकडे, एकजुटीनं, ताठ मानेनं. हे असले नवस बोलून बोलूनच आपण आजवर मागे राहिलो. वहिनीनं सगळं ऐकून घेतलं.

"वन्सं, काल तुमच्या भावाबरोबर नाक्यार सभेक गेललंय," ती म्हणाली. "थंय काय होता? एक जण वर उभो रवान वरडता आणि बाकीचे 'झालाच पाहिजे' म्हणतत. मगे तेका गाऱ्हाणां नाय तर काय म्हणतत?"

तेवढ्यात टॉवरचे टोल पडायला लागले. ते टोल मला आज पुन्हा ऐकू आले. आवाज तोच आहे, एकावर एक रचत जाणारा, मैदानावरून समुद्राकडे पसरणारा. वहिनी तेव्हा म्हणाली होती, गिरणीचा भोंगा माणसाला हाकलतो, हे घड्याळ नुसतं सांगतं. टॉवर एका बाईच्या नावाचा आहे हे ऐकून तिला इतका आनंद झाला, की तिनं आल्या-गेल्या दोघा-तिघांना ते सांगितलं, जणू त्यांना ठाऊक नव्हतं.

त्या हिवाळ्यात आम्ही किती वेळा कोटात आलो, सांगता येणार नाही. मुंबई एकदाच दाखवायची असते. पण वहिनी दर आठवड्याला काहीतरी कारण काढायची. कधी बोरीबंदरच्या बाईला आठवण करून द्यायची, कधी दगडी माकडं मोजायची राहिली म्हणून. घरी आम्ही सांगायचो, मोर्चाला चाललो. तेही खोटं नसायचं. ते दिवसच तसे होते, की घरातून निघालेली वाट कुठल्या ना कुठल्या मोर्चात जाऊन मिळायची. डिलाईल रोडवरून, परळवरून, गिरगावातून माणसं यायची. डांबरावर खडूनं लिहिलेली अक्षरं पायांनी पुसली जायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलेली असायची. मशालींचा तेलकट धूर लुगड्यांना बसायचा, तो धुतला तरी जायचा नाही. अनोळखी बाई अनोळखी बाईला पाण्याचा तांब्या द्यायची. त्या गर्दीत मला कधी भीती वाटली नाही. आपल्याला काय हवं आहे हे इतक्या माणसांना एकाच वेळी ठाऊक असणं, हे सुख पुन्हा माझ्या वाट्याला आलेलं नाही.

मग फ्लोरा फाउंटनला गोळ्या चालल्या. माणसं पडली. चाळीतून त्या रात्री चुलीचा धूर निघाला नाही. काही दिवसांनी, रस्ते पुन्हा वाहते झाल्यावर, मी आणि वहिनी तिथे गेलो. कारंजं तसंच होतं. माथ्यावरची दगडी बाई, तिच्या पायाशी मासे आणि शिंपले, सगळं पांढरं, स्वच्छ. कुणी कुणी फुलं ठेवून जात होतं. वहिनीनं केसांतला वळेसर सोडला आणि कडेला ठेवला. या बाईपुढे तिनं हात जोडले नाहीत, गाऱ्हाणंही घातलं नाही.

"हेंच्यो बायलो खंय आसतल्यो?" तिनं विचारलं.

"गावाला असतील," मी म्हटलं. "पुष्कळांच्या गावालाच असतील."

"तेंका कोणी मुंबई दाखवलेली काय?"

आज मी तिथे पुन्हा उभी राहिले. चौकाला आता त्या हुतात्म्यांचं नाव आहे, आणि ते असायलाच हवं. पण त्यांच्या बायका ज्या वाड्यांत, ज्या खाचरांत आहेत, त्यांना कुणाचं नाव आहे?

उन्हं तापली. आंब्याच्या पेट्या बोटीनं यायला लागल्या आणि आईच्या तोंडी शेवटच्या बोटीचा विषय आला. "मिरग जवळ इलो. पेरणीक काकी एकटी. पोरीक धाडूक व्हयी," ती रोज म्हणायची, आणि रोज वहिनी ऐकू न आल्यासारखं करून जात्यावर बसायची.

एका संध्याकाळी दादा सभेवरून आला. घसा बसलेला. वहिनीनं मिठाचं कोमट पाणी दिलं. दादा त्या दिवशी नाक्यावर पहिल्यांदा बोलला होता, मीही ऐकलं होतं. मुंबईचा इंचभर तुकडाही सोडणार नाही, असं तो म्हणाला तेव्हा सगळा नाका टाळ्यांनी भरून गेला होता. मला त्याचा अभिमान वाटला होता. अजून वाटतो.

गुळण्या करून तो आत आला, तशी वहिनी भिंतीकडे बघत म्हणाली, "एक विचारू? तुमच्या महाराष्ट्राक मुंबईसकट सगळा व्हया ना?"

"मग? मुंबईसकटच."

"माका पण घोव मुंबईसकट व्हयो."

मी आनंदानं किंचाळलेच. ट्रंकेवर चढले, मूठ उगारली आणि ओरडले, "वहिनीसह संयुक्त घर..."

"झालंच पाहिजे!" गॅलरीतून उत्तर आलं. शेजारच्या बायका, पोरंसोरं, पलीकडचे काका, सगळे दाराशी जमले. "अरे, घ्या की मागणी मान्य करून!" काका म्हणाले. "नाहीतर तुमच्या घरावरच मोर्चा येतो बघ उद्या!" वहिनी पदरात तोंड लपवून हसत होती. दादाही हसला. आई तेवढी ओरडली, "गप ऱ्हवा गो! लोकांका तमाशे दाखयतास!"

गर्दी पांगली. दादानं खोलीत एकदा नजर फिरवली. चुलीपाशी आई, तिच्या कडेला मी, भिंतीला आमच्या गावचे दोघे गिरणीवाले, दारात तो स्वतः.

"जागा कुठाय?" तो म्हणाला.

दादा वाईट नव्हता. हे मला ठासून लिहायचं आहे, कारण आमच्या पत्रकांत जो वाईट असतो तो पैसेवाला असतो, टोपीवाला असतो, आणि त्याला ओळखणं सोपं असतं. दादा पहाटे उठून वहिनीला उठवू न देता स्वतः चहा ठेवायचा. पण साऱ्या मुंबईवर हक्क सांगणाऱ्या माझ्या भावाला एका अंथरुणाएवढी जमीन मागायचं धैर्य झालं नाही. ती कुणा परक्याकडे मागायची नव्हती. आईकडे आणि काकीकडे मागायची होती.

शेवटच्या बोटीनं वहिनी गेली. धक्क्यावर मासळीचा आणि ओल्या दोरांचा वास होता. फळीवरून चढताना तिनं मागे पाहिलं नाही. बोट वळली तेव्हा मी माझ्यापुरती कल्पना केली, की तिला लांबून टॉवर दिसत असेल.

त्यानंतर चार वर्षं मोर्चे झाले, सभा झाल्या, आणि या वर्षी राज्य झालं. मुंबईसह झालं. त्या संध्याकाळी बोरीबंदरवर दिव्यांच्या माळा सोडल्या होत्या. सगळं लालबाग कोटात उतरलं होतं. दादानं माझा हात घट्ट धरला होता आणि तो लहान मुलासारखा रडत होता. "मिळाली गं," म्हणत होता. मीही रडले. खोटं कशाला सांगू, इतका आनंद मला कधी झाला नव्हता. पण गर्दीतून परतताना मला तो हिवाळा हवासा वाटायला लागला, जेव्हा काहीच मिळालेलं नव्हतं आणि वहिनी भर रस्त्यात चपला काढून मागत होती.

दुसऱ्या दिवशी मी माझी पथारी गुंडाळली. गिरगावातल्या एका छापखान्यात मला मुद्रितं तपासायचं काम मिळालंच होतं. तिथे जवळच मावशीकडे राहायला गेले. जाताना दादाला म्हटलं, "ही घे जागा. आता आण तिला." दादानं मान हलवली. "भात झोडून होऊ दे," म्हणाला. गेल्या आठवड्यात तो गेला.

आता टॉवरची सावली मैदानात लांब गेली आहे. उद्या वहिनीला घेऊन मी आधी बोरीबंदरच्या बाईपुढे येणार, हे ठरवून टाकलं आहे. या खेपेला आत जायचं. म्युझियमच्या आत, टाऊन हॉलच्या पायऱ्या चढून आत, जिथे जिथे दार उघडं असेल तिथे. कुणी अडवलं तर मी आहे.

इथवर काल लिहून ठेवलं होतं. उरलेलं आज लिहिते आहे.

बोट वेळेवर लागली. फळी टाकली. आधी पेट्या, मग कोंबड्यांची खुराडी, मग माणसं. दादा दिसला. खांद्यावर तांदळाचं गाठोडं. मी त्याच्या मागे बघितलं. एक म्हातारा, दोन पोरं, मग खलाशी दोर आवरायला लागले.

"वहिनी?"

"चल. ट्रामला गर्दी होईल."

"दादा, वहिनी कुठाय?"

तो थांबला. माझ्याकडे न बघता बोलायला लागला. "निघाली होती गं. बोचकं बांधलं होतं. काकीच्या पायाही पडली. खळ्यात आली आणि मला म्हणाली, 'किती दिसांसाठी न्हेतास?'"

धक्क्यावर हमालांचा कालवा चालला होता.

"मग तू काय म्हणालास?"

दादानं गाठोडं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"बोटीची वेळ झाली होती," तो म्हणाला.